विनय आणि हुकमत : आज्ञापत्रातील नेतृत्वशिक्षणाचा विचार

१

‘नेणे’ या अर्थाच्या ‘नी’ या एकाच संस्कृत धातूपासून नेता, नय, नीती आणि विनय हे चारही शब्द निघालेले आहेत. पैकी पहिल्या तिहींचा राज्यकारभाराशी संबंध सर्वांच्या ध्यानात आहे; चौथ्याचा मात्र मराठीत लोपल्यासारखा झाला आहे. मराठीत विनय म्हणजे नम्रता. प्राचीन राजशास्त्रात विनय म्हणजे प्रथमतः शिक्षण, वळण, शिस्त. दुसऱ्यास नेण्याचा अधिकार ज्यास मिळावयाचा, त्याने आधी स्वतः नेले गेले पाहिजे, हा अर्थ त्या शब्दाच्या पोटातच आहे. शिक्षण आणि नम्रता हे दोन अर्थ एका शब्दात नांदतात ही गोष्ट केवळ कोशकारांच्या कुतूहलाची नव्हे. हुकमत चालविण्याचे शिक्षण आणि ज्यांवर हुकमत चालवावयाची त्यांच्याविषयीचा आदर या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी एकत्र कशा पाहिल्या, हे तीवरून दिसते. मराठेशाहीच्या कागदपत्रांत हा विचार कोठवर उतरला होता, तो प्रस्तुत लेखात तपासावयाचा आहे.

हा विषय पवईसारख्या स्थळी सहजच मनात येतो. तेथील तलाव मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी १८९१ साली पुरा झाला. त्याच परिसरात १९५९ साली पंडित नेहरूंच्या हस्ते भारतीय तंत्रविज्ञान संस्थेची कोनशिला बसली. १९६३ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या साहाय्याने औद्योगिक अभियांत्रिकीच्या शिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, आणि २०२३ साली तिचेच मुंबईच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत रूपांतर झाले. कारखाने, पेढ्या आणि सरकारी खाती यांचे भावी अधिकारी या तळ्याच्या आसपास तयार होतात. हाताखालच्या माणसांशी आपुलकीचे संबंध ठेवावे, त्यांचा मान राखावा, त्यांचे ऐकून घ्यावे, ही तत्त्वे हल्ली अशा शिक्षणात नवी म्हणून सांगितली जातात. ती परदेशांतून आली असाच पुष्कळांचा समज असतो. समजाचे खंडन करण्याच्या ईर्षेने प्रस्तुत लेख लिहिलेला नाही. तथापि दप्तरांत जे लिहिलेले आहे ते वाचले न जावे, हे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणारे नव्हे.

२

प्रथम संस्कृत परंपरेकडे पाहू. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी रा. शामशास्त्री यांच्या हाती येऊन १९०९ साली म्हैसूर येथे ग्रंथरूपाने छापली गेली, आणि प्राचीन राजनीतीविषयीच्या आपल्या कल्पना बदलल्या. या ग्रंथाचे पहिले अधिकरणच विनयाधिकारिक या नावाचे आहे. राज्याचा विस्तार, कोश, सैन्य, दुर्ग यांचा विचार नंतर. आरंभ राजाच्या शिक्षणापासून. त्यातही विद्यांची गणना झाल्यावर जे प्रकरण येते त्याचे नाव वृद्धसंयोग. राजपुत्राने विद्येने व वयाने वडील असलेल्या माणसांच्या सहवासात राहावे, दिवसाच्या पूर्वभागी हत्ती, अश्व, रथ व शस्त्रे यांचे शिक्षण घ्यावे आणि उत्तरभागी इतिहासश्रवण करावे, अशी तेथील योजना आहे. विनयाचे मूळ या वृद्धसंयोगातच असल्याचे शास्त्रकार सांगतो. म्हणजे शिक्षणाचे साधन ग्रंथाइतकेच माणूसही होते.

परंतु त्याच अर्थशास्त्रात अमात्यांची परीक्षा पाहण्यासाठी गुप्तपणे नाना प्रलोभने दाखवावी, गूढपुरुषांकडून सर्वांवर नजर ठेवावी, असाही उपदेश विस्ताराने आलेला आहे. राजाचे शिक्षण सहवासातून आणि राजाचे राज्य संशयातून, असा काहीसा दुभंग त्या ग्रंथात जाणवतो. या दोन धाग्यांपैकी मराठ्यांच्या राजनीतीने कोणता अधिक बळकट धरला, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राइतके दुसरे योग्य साधन नाही.

३

आज्ञापत्राचा परिचय या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्याने करून देण्याचे कारण नाही. त्याचा काल शके १६३७, म्हणजे इ. स. १७१५-१६ चा सुमार, असा सामान्यतः मानला जातो. कालाविषयी व कर्तृत्वाविषयी काही अभ्यासकांनी शंका उपस्थित केल्या आहेत, पण बहुसंख्य संशोधकांचे मत ते रामचंद्रपंतांचेच असे आहे, आणि आम्हीही तेच गृहीत धरून चाललो आहो. प्रा. पुणतांबेकर यांनी १९२९ साली त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्यापासून ते महाराष्ट्राबाहेरील अभ्यासकांसही उपलब्ध झाले. पूर्वेतिहासाची दोन प्रकरणे आरंभी, आणि पुढे राजाची कर्तव्ये, प्रधान, साहुकार, वतनदार, वृत्ती व इनाम, दुर्ग आणि आरमार अशी त्याची मांडणी आहे. एकंदर नऊ प्रकरणे. हेरगिरीस त्यांत स्वतंत्र प्रकरण दिलेले नाही, ही गोष्ट अर्थशास्त्राशी ताडून पाहता लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आज्ञापत्राच्या मजकुरापूर्वी त्याच्या रूपाचा विचार करणे अवश्य आहे, कारण आमच्या मते अर्धी शिकवण त्या रूपातच आहे. १७१४ साली कोल्हापुरास सत्तांतर होऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी महाराज गादीवर आले. त्यांचा जन्म १६९८ चा. म्हणजे आज्ञापत्राच्या वेळी त्यांचे वय सतरा-अठराच्या घरात. उलट रामचंद्रपंत हे १६७४ च्या राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांत बसलेले, शिवाजी महाराजांपासून पाच छत्रपतींची कारकीर्द पाहिलेले वृद्ध मुत्सद्दी. अशा वृद्धाने अशा तरुणास उपदेश करावयाचा म्हटल्यास ‘राजनीतीसार’ अशा काही नावाचा ग्रंथ लिहून तो पुढे ठेवणे सोपे होते. पंतांनी तसे केले नाही. सर्व उपदेश त्यांनी छत्रपतींच्याच आज्ञेच्या रूपाने, छत्रपतींच्याच मुखी घातला. जो शिकावयाचा तोच आज्ञा करणारा झाला. वृद्धाने आपले वडीलपण पुढे केले नाही, आणि राजाच्या पदास तिळमात्र कमीपणा येऊ दिला नाही. तथापि स्वतःच्या नावाने निघालेले शब्द पाळण्याची जबाबदारी मात्र राजावर येऊन पडली. शिकविणारा आणि शिकणारा या दोघांचाही मान राखणारी याहून कुशल रीत आमच्या पाहण्यात नाही. कौटिल्याचा वृद्धसंयोग येथे प्रत्यक्ष कागदावर उतरलेला दिसतो.

४

पंतांस ही दृष्टी कोठून आली? शास्त्राध्ययनातून ती काही अंशी आली असेल. पण आमच्या मते तिचे खरे मूळ १६८९ नंतरच्या अनुभवात आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले, मार्चमध्ये त्यांचा वध झाला, आणि वर्षअखेर रायगड पडून येसूबाई व बाळ शाहू शत्रूच्या हाती गेली. राजाराम महाराज जिंजीस निघून गेले. छत्रपती देशात नाही, राजधानी नाही, खजिना नाही. अशा स्थितीत हुकुमतपन्हा हा किताब देऊन महाराष्ट्राचा कारभार ज्यांवर सोपविला गेला ते रामचंद्रपंत. शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक, संताजी घोरपडे, धनाजी जाधव अशा माणसांच्या हाती राज्य राहिले. जिंजी १६९८ साली पडली, राजाराम महाराज १७०० साली निवर्तले, तरीही १७०७ साली औरंगजेब दक्षिणेतच मरण पावला आणि मराठ्यांचे राज्य शिल्लक होते.

ज्याने हे डोळ्यांनी पाहिले, त्यास राज्य म्हणजे सिंहासन नव्हे, तट नव्हे, कोशही नव्हे, तर माणसामाणसांतील बांधिलकी होय, हे निराळे सांगावे लागले नाही. वेतन थकलेला किल्लेदार किल्ला का विकत नाही, मोगलांनी वतनाचे आमिष दाखविले असता अमुक देशमुख का जातो आणि तमुक का जात नाही, हे प्रश्न पंतांपुढे रोज येत होते. हुकूम पोचविणारे हात तुटलेले असताना हुकूम चालतो तो केवळ विश्वासावर.

या गोष्टीची उलट बाजूही त्याच काळात दिसून आली. संताजी घोरपड्यांइतका पराक्रमी सेनापती त्या पिढीत क्वचितच झाला. परंतु त्यांची शिस्त अतिशय कठोर होती, असे मोगल इतिहासकार खाफीखानही सांगतो. छत्रपतींशी त्यांचे बिनसले, धनाजी जाधवांशी वैर जुंपले, हाताखालची फौज त्यांना सोडून गेली, आणि १६९७ साली एकाकी अवस्थेत त्यांचा घात झाला. मोगल फौजांस जे साधले नाही ते आपसांतील मान राखला न गेल्यामुळे घडले. दोष कोणाचा किती, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. आज्ञापत्राच्या कर्त्याने ही हकीकत जवळून पाहिली होती एवढेच ध्यानात घ्यावयाचे आहे.

५

आता मजकुराकडे वळू. राजाच्या कर्तव्यांचे विवेचन करताना आज्ञापत्राचा कटाक्ष तीन गोष्टींवर आहे. सेवकांचे वेतन वेळच्या वेळी व पुरते पोचावे. कोणाच्या चहाडीवरून विचार केल्यावाचून कोणास दूर करू नये. आणि एकावर अतिशय लोभ, दुसऱ्याकडे दुर्लक्ष असे न करता ज्याच्या त्याच्या गुणाप्रमाणे त्याची बूज करावी. हे वरवर पाहता सामान्य व्यवहाराचे नियम वाटतात. पण प्रत्येकाच्या मुळाशी एकच कल्पना आहे, ती अशी की, सेवक हा राजाच्या कृपेवर जगणारा याचक नव्हे; त्याच्या कष्टाचा मोबदला हा त्याचा हक्क आहे आणि त्याची अब्रू ही राज्याची ठेव आहे.

प्रधानांविषयीचे विवेचन याहून धीट आहे. मदोन्मत्त हत्तीस अंकुश हवा, तसा सत्तेस प्रधान हवा, अशा आशयाचा दृष्टान्त तेथे आलेला आहे. हा अंकुश राजाने स्वतः निवडून स्वतःच्या मस्तकाशी ठेवावयाचा आहे! आपल्यास विरोध करू शकेल असा माणूस जवळ बाळगणे आणि तो विरोध करील तेव्हा त्याचा अपमान न करणे, ही नेतृत्वाची सर्वात कठीण कसोटी. ती अमात्यांनी राजाच्याच मुखाने राजास घातली.

साहुकार व वतनदार या दोन प्रकरणांत आदर आणि सावधपणा यांची सांगड दिसते. साहुकारामुळे देशोदेशीचा माल येतो, अडचणीच्या वेळी कर्ज मिळते, राज्यास शोभा येते. म्हणून त्याचा सन्मान राखावा, त्यास उपसर्ग होऊ देऊ नये. वतनदारांविषयी मात्र पंतांचे मन साशंक आहे. ते सामान्य सेवक नव्हेत, राज्याचे एक प्रकारचे वाटेकरीच. संकटकाळी त्यांची निष्ठा डळमळते. तरीदेखील त्यांना चिरडावे असा उपदेश नाही. स्नेह आणि दंड यांच्या मधोमध त्यांना ठेवावे, हे धोरण आहे. इनामांच्या प्रकरणात पंत आणखी एक सूक्ष्म भेद करतात. सेवेबद्दल बक्षीस द्यावे, पण राज्यातील भूमी तोडून देऊ नये. म्हणजे मान देणे निराळे आणि राज्य वाटून टाकणे निराळे. हल्लीच्या भाषेत बोलावयाचे तर आदर हा लाचेचा पर्याय नव्हे, आणि लाच हा आदराचा पर्याय नव्हे.

या सर्वांहून हृद्य उल्लेख आरमाराच्या प्रकरणात आहे, आणि तो पुष्कळांच्या परिचयाचा आहे. तारवांसाठी लाकूड तोडताना आंबा, फणस इत्यादी झाडे तोडू नयेत. ती एका-दोन वर्षांत होणारी नव्हेत. रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर त्याच्या धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. या परिच्छेदाची वाखाणणी सामान्यतः वृक्षरक्षणाच्या दृष्टीने करण्यात येते. आमच्या मते तेथील मुख्य शब्द झाड नसून संतोष हा आहे. ज्याच्यापाशी आरमार आहे त्याने एका कुणब्याच्या दाराशी जाऊन एका जुन्या झाडासाठी त्याची संमती मिळवावयाची, हा तेथील पाठ आहे. सत्ता असूनही विचारणे, हे विनयाचे लक्षण होय.

६

अशी वचने ग्रंथात असणे निराळे आणि व्यवहारात असणे निराळे, असा आक्षेप कोणी घेईल. आणि तो रास्त आहे. म्हणून शिवकालीन अस्सल पत्रांपैकी तिहींचा दाखला येथे घेणे इष्ट आहे.

पहिले पत्र मे १६७३ चे, चिपळूण तालुक्यातील हालवर्ण येथे छावणीस असलेल्या पायगेच्या अंमलदारांस लिहिलेले. पावसाळ्याची बेगमी जपून वापरा. आताच सर्व उडविली तर घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकर, गवत, लाकूड, भाजी ओढू लागाल. मग कुणबी घर सोडून पळतील, आणि तुमच्यापेक्षा मोगल बरे असे त्यांस वाटेल. दिव्याची जळती वात उंदीर नेईल आणि गवताच्या गंजीस आग लागेल, यासाठीही जपा, असा त्याचा आशय आहे. या पत्रात दोन गोष्टी विशेष आहेत. एक, केवळ आज्ञा नसून आज्ञेचे कारण आहे, आणि तेही पायरीपायरीने उलगडून दाखविलेले आहे. हुकूम ऐकणारा माणूस विचार करू शकतो हे मानल्यावाचून कोणी असे लिहीत नाही. दुसरी, पत्राच्या मायन्यात जुमलेदार, हवालदार व कारकून यांस ‘राजश्री’ म्हटले आहे, आणि पुढे स्वतः शिवाजी राजांच्या नावापूर्वीही तेच ‘राजश्री’ पद आहे. ही पत्रलेखनाची रूढी होती हे खरे. पण रूढी म्हणजे पिढ्यान् पिढ्या गिरवलेले वळणच होय.

दुसरे पत्र सप्टेंबर १६७६ चे, प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस. सुभेदाराने गावोगाव फिरावे, त्या त्या गावी कुणबी गोळा करावे, कोणाच्या घरी माणूसबळ किती, बैल किती, बीज किती हे पाहावे, ज्यापाशी नाही त्यास द्यावे, आणि दिलेले पुढे वाढीदिढीवाचून, मुद्दल तेवढेच, त्याच्या शक्तीप्रमाणे हळूहळू उगवून घ्यावे. या कामी दोन लाख लारीपर्यंत खर्च पडला तरी तो मान्य आहे. आणि स्वतः मात्र इमानाने वागून रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये. हे पत्र म्हणजे सुभेदाराच्या शिक्षणाचा एक संपूर्ण पाठच आहे. कचेरीत बसून झाडा मागविण्यास त्यात सांगितलेले नाही. माणसाच्या दाराशी जाऊन माणूस पाहण्यास सांगितले आहे.

तिसरे पत्र जानेवारी १६७५ चे, त्याच प्रभावळी सुभ्यावरील जिवाजी विनायक यांस लिहिलेले. पद्मदुर्गाच्या कामी आरमारास पोचवावयाचा पैका व गल्ला त्यांनी वेळेवर पोचविला नाही, म्हणून त्यांची अत्यंत कडक शब्दांत हजेरी घेतली आहे. ब्राह्मण म्हणून कोणाची गय होणार नाही, हेही स्पष्ट बजावले आहे. हे पत्र मुद्दाम येथे घेतले, कारण परस्परसन्मान म्हणजे मऊपणा अशी समजूत होण्याचा संभव आहे. समुद्रात उपाशी लढणाऱ्या माणसांचा मान राखावयाचा, तर ज्याने त्यांस उपाशी ठेवले त्यास जाब विचारणे प्राप्तच होते.

या तिन्ही पत्रांस सभासदाच्या बखरीची जोड देता येते. अफजलखानाच्या प्रसंगानंतर जखमी झालेल्यांस जखम पाहून होन दिले, पडलेल्यांच्या पुत्रांस चाकरीस घेतले आणि ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस अर्धे वेतन चालविले, असे ती सांगते. बखर ही जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेली. म्हणजे ज्या काळी राज्यास माणसांवाचून काही उरले नव्हते, नेमक्या त्याच काळी लेखकास थोरल्या महाराजांच्या या गोष्टी आठवून लिहाव्याशा वाटल्या. आज्ञापत्र आणि सभासद एकाच अनुभवाची लेकरे आहेत.

७

येथवर जे लिहिले त्यावरून त्या काळी सर्व आलबेल होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. आज्ञापत्रातील आदर पायऱ्यापायऱ्यांचा आहे. राजा, प्रधान, साहुकार, वतनदार, रयत, ज्याची त्याची पायरी ठरलेली आणि मानही तिच्याच मापाने. गावकुसाबाहेरच्या माणसांस त्या मांडणीत स्थान कोठे, याचे उत्तर देण्यास ग्रंथ थांबत नाही. स्त्रियांचेही तेच. स्वतः ताराबाईंच्या कारकीर्दीत कारभार केलेल्या मुत्सद्द्याने नेतृत्वाचा विचार करताना केवळ पुरुष डोळ्यांपुढे ठेवावा, ही उणीव नोंदल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, हा आदर स्वार्थमूलक आहे. रयत पळाली तर वसूल बुडेल म्हणून तिला जपावयाचे. हा स्वार्थ आज्ञापत्र लपवीत नाही, आणि मे १६७३ चे पत्रही लपवीत नाही. परंतु आमच्या मते हीच त्या विचाराची बळकटी आहे. आदर हा धन्याच्या स्वभावावर सोडला तर धनी बदलताच तो जातो. तो राज्याच्या जगण्याची अट म्हणून मांडला तर वाईट धन्यासही तो पाळणे भाग पडते. १६८९ साली जे वाचले ते एखाद्या व्यक्तीच्या सौजन्याने नव्हे, तर अंगवळणी पडलेल्या व्यवहाराने.

८

आता पवईचा प्रश्न. पवई, तिरंदाज, तुंगवे, पासपोली, साकी ही गावे साष्टी बेटातली. १७३७ साली ठाणे घेऊन मराठ्यांनी साष्टीत पाय रोविला आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. वसईच्या शिबंदीस शस्त्रांनिशी मानाने बाहेर पडू देण्याचा तह झाला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. अतोनात माणूस खर्ची पडल्यानंतरही शत्रूचा मान राखला गेला, हे येथे नोंदणे योग्य होईल. ही मोहीम सातारच्या छत्रपतींच्या पेशव्यांची. कोल्हापूरचे आज्ञापत्र तेथे हुकूम म्हणून लागू नव्हते. परंतु ज्या मुशीतून आज्ञापत्र निघाले त्याच मुशीतले कारकून व अंमलदार साष्टीत कारभार करीत होते. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. टोपीकरांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, त्यांस समुद्रकिनारी जागा देऊ नये, हा इशारा आज्ञापत्राने साहुकारांच्या प्रकरणातच देऊन ठेवला होता. त्यास त्या वेळी साठ वर्षे होत आली होती.

पुढे १७९९ साली पवईची जमीन डॉ. हेलेनस स्कॉट यांस खंडाने दिली गेली, आणि १८२९ साली ती फ्रामजी कावसजी बानाजी यांच्याकडे आली. विहिरी, रस्ते, ऊस व नीळ यांची लागवड या त्यांच्या उद्योगांची गव्हर्नर माल्कम यांनी प्रशंसा केली. म्हणजे शंभर वर्षांच्या आत या एका टापूने फिरंगी, मराठे, इंग्रज कंपनी आणि पारशी जमीनदार असे चार धनी पाहिले. प्रत्येक धन्याच्या हाताखाली पाटील, म्हातरे, कारकून आणि कुळे यांनी कोणाशी कसा व्यवहार केला, हे सांगणारे कागद मोठ्या सनदांत नसून लहानसहान पत्रांत असतात.

९

येथे संग्राहकांस एक विनंती करावयाची आहे, आणि हा लेख लिहिण्याचे खरे प्रयोजन तेच होय. जुन्या घराण्याचा रुमाल सोडला की आपला हात प्रथम सनदांकडे, लढायांच्या बातमीपत्रांकडे आणि नामांकित पुरुषांच्या शिक्क्यांकडे जातो. ताकीदपत्र, कौलनामा, हजिरी, वेतनाची यादी, पडलेल्या शिपायाच्या कुटुंबास काही चालविल्याची चिठी, हे कागद किरकोळ म्हणून बाजूस पडतात. घरांच्या वाटण्या होतात तेव्हा तेच आधी रद्दीत जातात. परंतु हुकमत प्रत्यक्ष कशी चालत होती याचा पुरावा त्याच कागदांत आहे. उजाड गावच्या रयतेस परत येण्यासाठी इस्ताव्याने दिलेला कौल हा राज्य आणि रयत यांच्यामधील विश्वासाचा लेख होय. त्यावर लढाईचे नाव नसेल. पण लढाईनंतर देश पुन्हा कसा वसला हे तोच सांगतो.

अशा कागदांच्या वाचनात चार गोष्टी टिपून ठेवाव्यात. पहिली, मायना : कोणी कोणास कोणत्या पदाने संबोधिले, आज्ञा, विनंती, विज्ञापना, आशीर्वाद, दंडवत, जोहार यांपैकी कोणता शब्द वापरला, आणि काळाच्या ओघात तो बदलला काय. प्रती करताना मायना गाळून ‘वगैरे’ लिहिण्याची सवय आहे. ती सोडावी, कारण मानाचा इतिहास मायन्यातच साठलेला असतो. दुसरी, आज्ञेचे कारण दिले आहे की नाही. तिसरी, अधिकाऱ्यास जागेवर जाऊन पाहण्यास सांगितले आहे काय. चौथी, चुकल्यास जाब कोणाकडून व कोणत्या शब्दांत घेतला. पाच-पन्नास पत्रांवर अशी टिपणे झाली तरी, आज्ञापत्रातील नियम व्यवहारात कोठवर उतरले होते याचा निर्णय तर्काने नव्हे, पुराव्याने करता येईल. हेमाद्रीच्या नावावर मोडणारे मेस्तक, शिवकालीन राजव्यवहारकोश अशा कारकुनी शिक्षणाच्या पोथ्यांचेही याच दृष्टीने पुन्हा वाचन होणे अवश्य आहे.

अधिकाऱ्यांच्या शिक्षणाच्या ज्या संस्था आज पवईस व अन्यत्र चालू आहेत, त्यांना या टिपणांचा उपयोग झाल्यास तो आनुषंगिक लाभ समजावा. मात्र त्यांच्या हाती ती द्यावयाची, तर आधी ती आपल्यापाशी तयार असावयास हवीत. पाच राज्ये पाहिलेल्या एका वृद्धाने, हयातीच्या अखेरच्या दिवसांत, आपले नाव मागे ठेवून एका तरुण राजाच्या मुखी राजनीती घातली, आणि एका जुन्या आंब्यासाठी कुणब्याची संमती घेण्याचा नियम तीत विसरला नाही. १७१६ साली पंत निवर्तले. त्यांनी घालून दिलेले वळण ज्या कागदांवर उमटले, ते कागद वाळवीच्या आधी आपल्या हाती येणे, एवढेच आता आपल्या करण्यासारखे आहे.